ॲडव्हान्स सोडला, बोट सोडली: मालवणच्या स्कूबा सहलीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, मुलांना नाताळची सुट्टी. आम्ही सात जण कोल्हापूरहून मालवणला निघालो होतो. आई, बाबा, दादा, वहिनी, चौदा वर्षांचा भाचा, नऊ वर्षांची भाची आणि मी. प्रकरण माझ्याच घरातलं आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे, नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

माझी बाजू आधी सांगते, कारण पुढे जे वाद झाले त्यात तिचा वाटा आहे. काही वर्षांपूर्वी मी अंदमानात, स्वराज द्वीपावर, ओपन वॉटर कोर्स केला. म्हणजे जोडीदाराबरोबर अठरा मीटरपर्यंत उतरायला शिकलेली साधी डायव्हर. मी इन्स्ट्रक्टर नाही आणि डॉक्टरही नाही. घरात मात्र पाण्याखाली जाऊन आलेली मी एकटीच, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्यावर वैतागतही होते.

सहल ठरली ती वहिनीच्या हट्टाने. ऑफिसातल्या मैत्रिणीचा माशांच्या घोळक्यातला व्हिडिओ तिने पाहिला होता आणि वर्षभर तिच्या डोक्यात तेच होतं. वहिनीला लहानपणापासून दमा आहे. आता आटोक्यात आहे, पण पर्समध्ये पंप असतो. बाबा त्रेसष्ट वर्षांचे, रक्तदाबाची गोळी रोजची.

बुकिंग दादाने केलं. आम्ही उतरणार होतो त्या लॉजच्या मालकाने एका स्कूबावाल्याचा नंबर दिला. माणशी दीड हजारात स्कूबा, बनाना राइड, जेट स्की आणि पाण्याखालचा व्हिडिओ असं एकत्र पॅकेज होतं. दादाने फोनवर दोन गोष्टी विचारल्या, किती पैसे आणि किती वाजता. चार हजार ॲडव्हान्स त्याच संध्याकाळी गेला. पहिला निर्णय इथेच झाला आणि तो निर्णय आहे हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही. मला कळलं तेव्हा मी फक्त "बरं झालं, ठरलं एकदाचं" म्हणाले.

अडचण

आदल्या रात्री लॉजवर एक मुलगा फॉर्म घेऊन आला. एक पान, इंग्रजीत, वर नाव आणि खाली सही. मधोमध आजारांची यादी होती: दमा, हृदयविकार, फिट येणं, मधुमेह, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण. वहिनीने दम्यापुढे "हो" अशी खूण केली. मुलाने ती पाहिली आणि दुसरा कोरा फॉर्म काढला. "ताई, सगळीकडे नाही करा. नुसती फॉर्मॅलिटी आहे. सहा मीटरच तर जायचंय."

वहिनीने पेन घेतलं. मी तिचा हात धरला. वाद तिथून सुरू झाला.

"सहा मीटरच तर" या तीन शब्दांवर थोडं थांबते, कारण किनाऱ्यावर सगळ्यांच्या तोंडी ते असतात आणि ऐकणाऱ्याला ते पटतातही. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, वीसवर तिप्पट. म्हणजे सगळ्यात मोठा बदल वरच्या दहा मीटरमध्येच होतो. सहा मीटरवर रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडाशी आणून देणाऱ्या साधनातून, छातीभर श्वास घेतला आणि घाबरून तो रोखून वर आलं, तर तीच हवा पृष्ठभागाशी दीडपटीहून जास्त जागा मागते. चाळीस मीटरवरून तीसवर येताना ती जेमतेम सव्वापट होते. फुप्फुसाला इजा व्हायला दीडएक मीटरची खोलीसुद्धा पुरते. म्हणून स्कूबाचा पहिला धडा जगभर एकच आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. दम्याची भीती याच जागी आहे. श्वासनलिका आकसल्या की हवा आत अडकते. माणूस श्वास रोखत नसतो, तरीही वर येताना त्या कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळत नाही.

दमा असलेल्या प्रत्येकाला डायव्हिंग बंद असतं असं मुळीच नाही. फुप्फुसांची तपासणी करून डॉक्टर कित्येकांना परवानगी देतात. फक्त ते डॉक्टरने ठरवायचं असतं. फॉर्म आणणाऱ्या मुलाला ते ठरवता येत नाही, आणि मलाही येत नव्हतं.

रात्री अकरापर्यंत बोलणी चालली. दादाचं म्हणणं, हजारो लोक करतात, कुणाला काय होतं? वहिनी काही बोलत नव्हती, ते जास्त कठीण होतं. शेवटी ठरलं की सकाळी जेटीवर जायचं, स्वतः बघायचं आणि मग काय ते ठरवायचं.

सकाळी जे पाहिलं ते असं. बोटीवर नोंदणी क्रमांक होता, पण किती माणसं बसवायची तो आकडा खरवडून गेला होता. मी मोजली, मुलंबाळं धरून एकोणीस. लाइफ जॅकेटं फळीखाली ढिगाने पडली होती आणि चार जणांनीच ती घातली होती. २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन माणसं गेली. ती बातमी दादाच्याही लक्षात होती. पाण्याखालच्या धोक्याबद्दल सगळे बोलतात, पण त्या दिवशी माणसं गेली ती पाण्याच्या वर.

बोटीवर माहिती सांगणाऱ्या तरुणाने खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे सगळं ठीक, असं त्याने सांगितलं. डायव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय". ठीक आहे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. सात-आठ मिनिटं पाण्यात राहणाऱ्या माणसाला मोजून चार-पाच खुणा शिकवायच्या असतात, त्यातली सगळ्यात महत्त्वाची उलटी शिकवली जात होती.

मग मी विचारलं, "ऑक्सिजन आहे ना बोटीवर?" त्याने रांगेतल्या सिलिंडरवर हात ठेवला. "हो काय! एवढा ऑक्सिजन."

त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नव्हता. आपण वर घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली होती, जिच्यात ऑक्सिजन २१ टक्के असतो. वर्तमानपत्रंसुद्धा "पाठीवर ऑक्सिजन सिलिंडर" असं सर्रास लिहितात, म्हणून लोकांना ते खरं वाटतं. बोटीवर जो ऑक्सिजन लागतो तो वेगळा, शुद्ध, मास्कसकट पेटीत ठेवलेला. फुप्फुसाला इजा झालेल्या किंवा रक्तात बुडबुडे झालेल्या माणसाला दवाखान्यात पोचेपर्यंत तोच आधार असतो. त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं आणि तरीही त्याच्या हाती आमचं पोर द्यायचं होतं. पोहण्यात तो आमच्या सगळ्यांपेक्षा दसपट तयार असणार. "कायेक होवचा नाय, ताई," हे तो अगदी मनापासून म्हणत होता.

समोरचे पर्याय

जेटीच्या कठड्यावर बसून आम्ही बोललो. बोट वीस मिनिटांत सुटणार होती.

एक, वहिनी आणि भाची किनाऱ्यावर थांबतील, बाकीच्यांनी जायचं. दादाला हे पटत होतं. पैसे वसूल झाले असते आणि दम्याचा प्रश्नही सुटला असता. पण बोटीतली गर्दी, उलटी खूण आणि नसलेला ऑक्सिजन हे दमा नसलेल्यांच्याही वाट्याला तेवढंच येणार होतं.

दोन, स्कूबा सोडून उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पृष्ठभागावरूनच खाली बघायचं. भाच्याचा चेहरा उतरला.

तीन, ॲडव्हान्स सोडून द्यायचा आणि उरलेल्या दोन दिवसांत दुसरं कुणी मिळतं का ते बघायचं. यात खर्च होता, आणि सुट्टीच्या गर्दीत जागा मिळेल याची खात्री नव्हती.

निर्णय माझ्या बोलण्याने झाला नाही. बाबांनी केला. ते उठले, बोटीकडे गेले, परत आले आणि म्हणाले, "दोन बाया घाटावरच्या दिसतायत, लेकरं मांडीवर. त्यांना कुणी जॅकेट घाला म्हणालं नाही. चला." बाबा एसटीत कंडक्टर होते. गाडीत किती माणसं घ्यायची हा त्यांचा तीस वर्षांचा विषय.

स्कूबावाल्याने आवाज चढवला नाही. ॲडव्हान्स मिळणार नाही एवढंच सांगितलं. दादा तासभर माझ्याशी बोलला नाही.

काय केलं

दुपारी मी पाच ठिकाणी फोन केले. दर विचारायचा तो शेवटी, असं ठरवलं होतं.

आमच्याबरोबर पाण्यात नेमकं कोण उतरणार आणि त्याचं सर्टिफिकेट कुठल्या संस्थेचं? पॅडी किंवा एसएसआयसारख्या, डायव्हिंगची सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थांच्या इन्स्ट्रक्टरला क्रमांक असतो आणि तो त्या संस्थेकडे तपासता येतो. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? नवख्यांच्या ओळख-डाइव्हला पॅडीची मर्यादा समुद्रात चार जणांची आणि बारा मीटर खोलीची आहे, चांगली माणसं त्याहून कमीच घेतात. शुद्ध ऑक्सिजन बोटीवर आहे का? सिलिंडर कुठे भरता? कॉम्प्रेसरने बोटीच्या किंवा जनरेटरच्या धुराजवळची हवा ओढली तर कार्बन मोनॉक्साइड थेट फुप्फुसात जातो. आणि शेवटचा प्रश्न: समुद्र खवळला तर काय करता?

तिघांनी दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच "तुम्ही या तर खरं" म्हणून फोन आवरला. चौथा चांगला वाटला, पण त्याच्याकडे जागा नव्हती. पाचव्या ठिकाणी एका बाईंनी फोन घेतला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारायला सुरुवात केली. किती जण? वयं काय? कुणाला दमा, बीपी, कानाचा त्रास? परत घाटावर कधी जाणार? मी खरी उत्तरं दिली, आईला बोट लागते म्हणून ती येणार नाही हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग वहिनींना आणि वडिलांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेता येणार नाही. छोटीला दहा पूर्ण होईपर्यंत नाही. तिघांचं करूया. चालेल का ते घरी विचारून सांगा." दर साडेतीन हजार. सात जणांचं गिऱ्हाईक त्यांनी फोनवरच तिघांवर आणलं होतं. मला त्या क्षणी जो विश्वास वाटला तो कुठल्याही सर्टिफिकेटने वाटला नसता.

घाटाबद्दलचा त्यांचा प्रश्न मला स्वतःला सुचला नव्हता, आणि कोल्हापूर-सांगली-बेळगावच्या माणसांनी तो लक्षात ठेवावा म्हणून इथे सविस्तर लिहिते. दाबाखाली श्वास घेतल्यावर शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, तो सावकाश बाहेर पडावा लागतो. तेवढ्यात हवेचा दाब कमी असलेल्या जागी गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून विमानाचा नियम आहे: एका साध्या डाइव्हनंतर किमान बारा तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस झाल्यास किमान अठरा. उंच डोंगरी रस्त्यालाही तेच कारण लागू होतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि घाटमाथे त्याहून वर. सकाळच्या एका उथळ ओळख-डाइव्हला धोका फारच थोडा. पण दोन-तीन डाइव्ह करून संध्याकाळीच घाट चढायचा बेत आखणारे आमच्या लॉजवर दोन गट होते. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून त्याच रात्री उडणारेही असतातच. आम्ही मुक्काम एक रात्र वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. रात्रीपासून लाटा वाढल्या आहेत, पाणी गढूळ आहे, आज नाही, उद्या बघू. त्या वेळी आमच्या खिडकीतून तीन बोटी जाताना दिसत होत्या. दादा म्हणाला, "बघ, बाकीचे चाललेत." मी उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी समुद्र शांत होता. आधी कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास. रेग्युलेटर तोंडातून निसटला तर परत कसा घ्यायचा, मास्कमधलं पाणी नाकाने कसं काढायचं, कान कसे मोकळे करायचे, सगळं प्रत्येकाकडून करून घेतलं. इन्स्ट्रक्टरमागे दोघं, म्हणून आमच्या तिघांसाठी दोन इन्स्ट्रक्टर. सगळ्यांच्या अंगावर बोट सुटायच्या आधीच जॅकेट. वहिनी, भाची आणि बाबा बोटीत बसून आले. आई किनाऱ्यावरच थांबली, तिला बोट लागते.

पाण्यात मत्स्यजीव पाहण्याइतकंच मला बरं वाटलं ते एका वेगळ्या गोष्टीने. बोटीचा नांगर वाळूत टाकला, खडकावर नाही. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ आहे. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या बरोबरीने, पहिल्या अनुसूचीत आहेत. पहिल्या स्कूबावाल्याच्या व्हिडिओत लोक प्रवाळावर उभे राहून माशांना बिस्किटं चारत होते. इथे भाच्याला आधीच सांगितलं होतं की हात छातीशी, पाय खडकाला लावायचे नाहीत, मासे आपणहून येतील. आणि आले. काळ्या पट्ट्यांचे पिवळसर सार्जंट मासे त्याच्या मास्कसमोर येऊन थबकले. वर आल्यावर त्याला दोन मिनिटं बोलताच येईना.

दादाचं मात्र वेगळं झालं. तीन मीटरवर त्याचा डावा कान दुखायला लागला. इन्स्ट्रक्टरने त्याला अर्धा मीटर वर नेलं, कान मोकळा करायला लावला, परत खाली. तीनदा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा अंगठा वर करून, म्हणजे खऱ्या अर्थाने, त्याला हळूहळू वर आणलं. बोटीत विचारल्यावर दादाने कबूल केलं की दोन दिवस सर्दी आहे आणि सकाळी नाक मोकळं व्हायची गोळी घेतली आहे. सकाळी हाच प्रश्न विचारला तेव्हा तो "नाही" म्हणाला होता. पाण्याखाली असतानाच गोळीचा असर ओसरला तर वर येताना कानातली हवा कोंडते, आणि ते खाली जाताना कान मोकळा न होण्यापेक्षा वाईट, हे इन्स्ट्रक्टरने त्याला न रागावता समजावलं. वहिनी हे सगळं ऐकत होती. खरं लिहून ती मागे राहिली होती, आणि खोटं सांगून दादा उतरला होता. तिने त्याच्याकडे फक्त एकदा पाहिलं.

निष्पत्ती

सात जणांपैकी पाण्याखाली नीट गेले ते दोघेच, भाचा आणि मी. दादाचा कान दोन दिवस बंद राहिला, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पडदा शाबूत असल्याचं सांगितलं. त्याच्या पैशांतले अर्धे त्या बाईंनी मागितल्याशिवाय परत केले. पहिल्या ठिकाणचे चार हजार गेले, वाढीव रात्रीचे अडीच हजार. भाची रुसली होती, पण परतीच्या वाटेवर बोट थांबवून तिला काचेच्या तळाच्या डब्यातून खालचे मासे दाखवले, तेव्हा ती खुलली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक माझी. वहिनीला दमा आहे हे मला तिच्या लग्नापासून माहीत आहे. नोव्हेंबरातच तिला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले असते, तर लॉजवरचा तो रात्रीचा प्रसंग झालाच नसता. डायव्हिंगचा वैद्यकीय फॉर्म आधी मागवून घेता येतो आणि घरच्या डॉक्टरांना दाखवता येतो. बाबांचंही तेच. मी गाडीत बसेपर्यंत यातलं काही मनात आणलं नाही आणि मग जेटीवर सगळ्यांची शिक्षिका झाले. वहिनी मला नंतर म्हणाली, "तुझं बरोबर होतं, पण तू ते सगळ्यांसमोर सांगितलंस." ते खरं आहे.

ॲडव्हान्स देण्याआधीचा एक फोन. दादाने विचारलेल्या दोन प्रश्नांत "पाण्यात कोण असणार" हा तिसरा प्रश्न मिळवला असता, तरी चित्र बरंच कळलं असतं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथेही आम्ही आधी चौकशी केली नाही.

दादाच्या सर्दीबद्दल: विचारणाऱ्याने विचारलं होतं, सांगणाऱ्याने लपवलं. साडेतीन हजार भरलेला माणूस सकाळी सर्दी कबूल करत नाही. बुकिंग करतानाच "सर्दी असेल तर तारीख पुढे ढकलू, पैसे जाणार नाहीत" असं सांगितलं तर कदाचित करेल. हे मी त्या बाईंना कळवलं, आता त्या तसं सांगतात.

आणि त्या एकोणीस माणसांचं काय? आम्ही उतरलो, बोट गेली. ती सुखरूप परत आली, संध्याकाळी मी जेटीवर जाऊन पाहिलं. पण दोन बायांना आणि त्यांच्या लेकरांना जॅकेट घाला एवढं सांगायला मला अर्धा मिनिट लागला असता. मी दादाशी भांडण्यात गुंतले होते. बंदर कार्यालय जेटीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर होतं, तिथेही त्या दिवशी गेले नाही. घरी आल्यावर लेखी कळवलं, बोटीचा क्रमांक भाच्याच्या फोटोत सापडला होता.

वहिनी जानेवारीत छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. फुंकून करायची तपासणी व्यायामाच्या आधी आणि नंतर अशी दोनदा झाली, आकडे चांगले आले. डॉक्टरांनी औषध बदलून सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. पावसाळ्यात मालवणला स्कूबा तसंही बंद असतं. तिने फॉर्म आत्ताच मागवून फ्रिजवर लावला आहे, दम्यापुढे "हो" लिहून.